पुण्याचा ‘सिटी पास’: ७० रुपये वसूल कधी होतात?

दिवाळीनंतर आई-बाबा सोलापूरहून आले. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी विचारलं, “पॅरिसला एकाच पासवर सगळी म्युझियम बघतात म्हणे. पुण्यात नाही का रे तसलं काही?”

मित्रांनो, तसा पास पुण्यात नाही, आणि असता तरी फारसा उपयोग झाला नसता. पॅरिसच्या लूव्र म्युझियमचं एकट्याचं तिकीट २०२४ मध्ये २२ युरो झालं. तिथे दोन-चार ठिकाणं केली की पासचे पैसे निघतात. आपल्याकडे शनिवारवाडा किंवा आगाखान पॅलेसचं तिकीट भारतीयांना २५ रुपये आहे. दोन्ही ठिकाणं पुरातत्त्व खात्याकडे आहेत, म्हणून ऑनलाइन काढलं तर २० रुपये आणि १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. गेटवर क्यूआर कोड दाखवायचा, बास. पुण्यात पैसे जातात ते तिकिटात नाही, फिरण्यात.

म्हणून पुण्याचा खरा सिटी पास म्हणजे पीएमपीचा दैनंदिन पास. १ जून २०२५ पासून तो पुणे आणि पिंपरी-चिंचवड हद्दीत ७० रुपयांना मिळतो. त्याच दिवशी तिकिटंही वाढली: ५ किलोमीटरपर्यंत १०, १० किलोमीटरपर्यंत २०. म्हणजे २० रुपयांचे तीन प्रवास केले तर पास तोट्यात, चौथ्याला फायदा सुरू. कुठलाही पास घेताना हेच गणित करायचं: पासची किंमत भागिले एका तिकिटाची किंमत. फक्त भागताना तुम्ही खरोखर करणार असलेले प्रवास धरा, करावेसे वाटणारे नाही. आणि तुलना रिक्षाशी करू नका. रिक्षाशी केली की प्रत्येक पास स्वस्तच दिसतो.

मी इंजिनिअर असून नेमकं हेच केलं. पहिल्या दिवशी सकाळीच तीन पास काढले, २१० रुपये. धनकवडीहून शनिवारवाड्याला गेलो. तिथून लाल महाल, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय सगळं चालतच झालं, पेठांमध्ये बसची गरजच काय! संध्याकाळी परत. माणशी दोन प्रवास, ४० रुपये. तीस-तीस रुपये पाण्यात. बाबांनी डायरीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मनपा, आगाखान पॅलेस, परत मनपा, मग कात्रजचं प्राणिसंग्रहालय (बुधवारी बंद असतं, लक्षात ठेवा) आणि घर. सुटी तिकिटं माणशी ९० झाली असती, पासवर ७० त भागलं. म्हणजे लांबची ठिकाणं एका दिवशी एकत्र करा आणि पास घ्या. पेठांचा दिवस वेगळा ठेवा आणि साधं तिकीट काढा.

मेट्रोचं मात्र वेगळं आहे. पीएमपीचा हा पास तिथे चालत नाही. पण शनिवार-रविवारी मेट्रोच्या तिकिटावर सगळ्यांना ३० टक्के सूट असते, आणि शनिवारवाड्यासाठी कसबा पेठ स्टेशन अगदी जवळ आहे. शनिवारवाडा शनिवारी-रविवारीच करणार असाल तर स्वारगेटहून मेट्रोच बरी, ट्रॅफिकही वाचतो. शहराच्या हद्दीबाहेर जायचं असेल तर पीएमपीचा वेगळा पास आहे, १५० चा. त्यालाही वरचंच गणित लावा.

आमचा शेवटचा हिशेब असा: पहिल्या दिवशी ९० तोटा, दुसऱ्या दिवशी ६० फायदा, आगाखानला ऑनलाइन तिकिटाचे १५ वाचले. शनिवारवाड्याला मी खिडकीवरच पैसे दिले होते. बाबांच्या डायरीप्रमाणे अजून १५ रुपये माझ्याकडे निघतात.