अर्धी उघडणारी खिडकी

घरांत संगणक आला म्हणजे त्याच्या पाठोपाठ कांहीं लहानसहान उपद्रवही येतात. मोठा बिघाड झाल्यास कारागीर बोलावतां येतो. परंतु लहान उपद्रवाबद्दल कोणी कोणास विचारीत नाहीं, आणि म्हणून तो वर्षानुवर्षें तसाच चालूं राहतो. अशांपैकीं एकाचा विचार आज करावयाचा आहे. पडद्यावरील ब्राउझरच्या चित्रावर दोनदां टिचकी मारावी, आणि खिडकी उघडावी ती पडद्याच्या एका कोपऱ्यांत, अर्धवट आकाराची! ती ओढून मोठी करावी, काम संपवावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा तोच प्रकार. तरुण मंडळींस यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. कारण त्यांचा बहुतेक व्यवहार मोबाइलवर चालतो, आणि तेथें पान बहुधा पडदाभरच उघडतें. अडचण होते ती ज्यांच्या डोळ्यांस जाड चष्मा व हातास थोडा कंप आहे, अशा वडीलधाऱ्या मंडळींची.

ही अडचण केवळ गैरसोयीची आहे असें कोणीं समजूं नये. आमच्या जालना जिल्ह्यांत पुष्कळ घरें अशीं आहेत कीं, मंडळी राहतात जालन्यास किंवा नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस, आणि जमीन असते अंबड, परतूर किंवा घनसावंगी तालुक्यांत. तीही भावाभावांत सामाईक. पूर्वीं सात-बाराच्या उताऱ्यासाठीं तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या संगणकावर मिळूं लागला, ही सोय खरोखर मोठी आहे. परंतु हा उतारा अनेक रकान्यांचा असतो, आणि कर्जाचा बोजा ज्यांत नोंदतात तो 'इतर अधिकार' हा रकाना उजव्या बाजूस येतो.

आमच्या परिचयाच्या एका घरांत वडील बंधूंनीं असाच उतारा अर्ध्या खिडकींत पाहिला. उजवी बाजू खिडकीबाहेर राहिली होती. तळाची सरकपट्टी बारीक, ती त्यांच्या ध्यानांत आली नाहीं. बोजा उतरला असें समजून त्यांनीं तसें धाकट्या भावास कळविलें. धाकट्यानें आपल्या मोबाइलवर उतारा उघडला, तों बोजा जागच्या जागीं! "दादा, तुम्ही माझ्यापासून कांहीं लपवितां आहां काय?" येथपर्यंत बोलणें गेलें, आणि दोन दिवस सख्ख्या भावांत अबोला राहिला. शेवटीं सुनेनें खिडकी पडदाभर केली आणि म्हणाली, "मामंजी, ही बाजू तुम्हांला दिसलीच नव्हती." तेव्हां कोठें उलगडा झाला. चार बोटें रुंदीच्या न दिसलेल्या कागदानें एवढें केलें!

आतां या खिडकीचें मूळ पाहूं. आपल्या संस्कृत भाषेंत खिडकीस 'गवाक्ष' म्हणजे गाईचा डोळा, व 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट, असे दोन सुंदर शब्द आहेत. इंग्रजी 'विंडो' हा शब्दही ज्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असाच आहे. पडद्यावर खिडक्या दाखविणारा झेरॉक्स कंपनीचा 'स्टार' हा संगणक २७ एप्रिल १९८१ रोजीं बाजारांत आला, आणि त्यानंतर चारच दिवसांनीं, १ मे १९८१ रोजीं, जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला; म्हणजे दोघे एकाच आठवड्याचे समवयस्क! पुढें २४ ऑगस्ट १९९५ रोजीं 'विंडोज ९५' निघालें. पडद्यावर ठेवतां येणारें 'शॉर्टकट' म्हणजे जवळच्या वाटेचें चित्र, तसेंच खिडकीच्या उजव्या कोपऱ्यांतील लहान करणें, मोठी करणें व मिटणें यांचीं तीन बटणें आज ज्या रूपांत दिसतात, तें रूप त्या वेळेपासून रूढ झालें. त्याच महिन्यांत, १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, आपल्या देशांत सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेट खुलें झालें होतें.

मुख्य प्रश्न असा कीं, खिडकी अर्धी कां उघडते? याचें उत्तर दोन शब्दांत सांगतां येईल: आज्ञा आणि आठवण. शॉर्टकटच्या चित्रामध्यें एक आज्ञा लिहून ठेवतां येते. चित्रावर उजवी कळ दाबावी, निघालेल्या यादींतून 'प्रॉपर्टीज' निवडावें, आणि 'शॉर्टकट' या पानावर 'रन' असें लिहिलेलें पाहावें. तेथें तीन पर्याय असतात: साधी खिडकी, मिटवून खालीं ठेवलेली खिडकी, व 'मॅक्सिमाइज्ड' म्हणजे पडदाभर खिडकी. तिसरा पर्याय निवडून 'ओके' दाबावें. पुढें चित्रावर टिचकी मारतांच विंडोज ती आज्ञा एका अंकाच्या रूपानें ब्राउझरच्या कानांत सांगतें. साध्या खिडकीसाठीं १, पडदाभर खिडकीसाठीं ३.

परंतु ती आज्ञा पाळणें अथवा न पाळणें हें ब्राउझरच्या मर्जीवर असतें. ब्राउझर आपली खिडकी मिटतांना तिचा आकार व जागा टिपून ठेवतो, आणि पुढच्या वेळीं ती टिपणी पाहूनच खिडकी मांडतो. आपल्या धर्मशास्त्रांत श्रुति व स्मृति यांचा विरोध आला असतां श्रुति प्रमाण मानावी असा दंडक आहे. संगणकाच्या राज्यांत उलटा न्याय दिसतो: आज्ञा आणि आठवण यांत विरोध आला कीं, बहुधा आठवणच जिंकते. म्हणूनच 'रन' पुढें तिसरा पर्याय निवडूनही कित्येकांचें काम होत नाहीं, आणि ते यंत्रास दोष देतात.

यावर उपाय सोपा आहे. आज्ञेबरोबर आठवणही सुधारावी. ब्राउझरच्या सर्व खिडक्या मिटून एकच ठेवावी. ती वरच्या कोपऱ्यांतील चौकोनी बटणानें पडदाभर करावी, आणि तशा स्थितींतच फुलीच्या बटणानें मिटावी. पुढच्या वेळीं खिडकी बहुधा पूर्ण उघडेल. येथें एक पथ्य पाळावें. एकाच वेळीं अनेक खिडक्या उघड्या असल्यास शेवटीं मिटलेली लहान खिडकीच स्मरणांत राहते. म्हणून लहान खिडकी आधीं मिटावी, मोठी शेवटीं.

एवढ्यानेंही क्रोम ब्राउझर ऐकत नसेल, तर 'प्रॉपर्टीज'मधील 'टार्गेट' या चौकटींत, तेथील मजकुराच्या अगदीं शेवटीं, एक जागा मोकळी सोडून रोमन लिपींत पुढील शब्द जोडावा: दोन आडव्या रेघा, 'स्टार्ट', एक आडवी रेघ, 'मॅक्सिमाइज्ड', मध्यें कोठेंही जागा सोडूं नये. अवतरणचिन्हें असल्यास हा शब्द त्यांच्या बाहेर लिहावा. मात्र क्रोम आधींच चालूं असेल तर नवें काम त्या चालूं प्रतीकडेच सोपविलें जातें, आणि जोडलेला शब्द पुष्कळदां वाया जातो.

आणखी एक गोष्ट फार घरांत फसविते. पडद्यावरील चित्र आणि तळाच्या पट्टींतील चित्र दिसावयास सारखें असलें, तरी ते दोन निरनिराळे शॉर्टकट होत. एकास दिलेली आज्ञा दुसऱ्यास लागूं पडत नाहीं. तळाच्या चित्रावर उजवी कळ दाबून, निघालेल्या यादींत ब्राउझरच्या नांवावर पुन्हा उजवी कळ दाबली म्हणजे त्याचें 'प्रॉपर्टीज' मिळतें.

पडदाभर खिडकी आणि एफ ११ ही कळ दाबून होणारा पूर्ण पडदा, यांत घोटाळा करूं नये. दुसऱ्या प्रकारांत वरची पत्त्याची पट्टी व मिटण्याचें बटण दोन्हीं अदृश्य होतात, आणि वृद्ध मनुष्य घाबरून जातो. तीच कळ पुन्हा दाबली कीं सर्व पूर्ववत् होतें. तसेंच खिडकी मोठी झाली म्हणून अक्षर मोठें होतेंच असें नाहीं. त्यासाठीं कंट्रोल कळ धरून अधिकचें चिन्ह दाबावें. शून्य दाबल्यास अक्षर मूळ मापावर येतें. आणि इतकें सर्व करूनही एखादे दिवशीं खिडकी रुसलीच, तर विंडोजच्या चिन्हाची कळ धरून वर जाणारा बाण दाबावा. माउस न हलवितां ती पडदाभर होते.

हें सर्व करण्यास दहा मिनिटेंही लागत नाहींत. घरांतील मुलांनीं व सुनांनीं एखाद्या रविवारीं तेवढा वेळ काढून आजोबांच्या व आजींच्या संगणकावर ही व्यवस्था लावून द्यावी, आणि विंडोजची कळ व वरचा बाण या दोन कळा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याशेजारीं चिकटवाव्या. वृद्धांस दर वेळीं मदत करणें हें चांगलेंच. परंतु मदत मागण्याची वेळच येऊं न देणें हें त्याहून चांगलें. ज्या मनुष्यानें आयुष्यभर घराचे कागद सांभाळले, त्यास आपल्या जमिनीचा कागद कोणाची वाट न पाहतां, डाव्या कांठापासून उजव्या कांठापर्यंत, स्वतःच्या डोळ्यांनीं वाचतां आला पाहिजे.