आंबोलीचा घाट, दुचाकी आणि ओले पाय

दाणोली मागे पडली की रस्ता चढू लागतो आणि पाऊस अंगावर येऊ लागतो. सावंतवाडी ते आंबोली हे अंतर जेमतेम तीस किलोमीटरचे. चढ समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरपर्यंतचा. पण जुलै महिन्यात दुचाकीवरून हा प्रवास केलेल्या माणसाला विचारा, त्याला आधी धबधबा आठवत नाही, पाय आठवतात. अंगावर रेनकोट असतो, डोक्यावर हेल्मेट असते. बुटात मात्र पाणी डचमळत असते, आणि आंबोलीच्या बाजारात गाडी उभी करताना पाय जमिनीला टेकला की नाही हेही नीट कळत नाही.

आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. घाटात तो नुसता वरून पडत नाही. दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्याबरोबर आडवा येतो, धुक्यातून झिरपतो आणि पुढच्या चाकाने उडवलेला तर थेट नडगीवर आपटतो. स्कूटरवाल्याला पुढच्या पत्र्याचा थोडा आडोसा असतो, मोटारसायकलवाल्याला तोही नाही.

हवा तर वीस अंशांच्या आसपास असते. मग एवढी थंडी कुठली? पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यात वारा ओल्या मोज्यातले पाणी सुकवू पाहतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेच पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ८० पुरतात. ही उष्णता बव्हंशी आपल्या पायातून जाते. शरीर मग काळजा-फुफ्फुसांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा आखडता घेते. बोटे बधिर होतात. दुचाकीवर हे नुसते गैरसोयीचे नाही, कारण मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. शेवाळलेल्या वळणावर तो पाय क्षणभर उशिरा दाबला गेला तर काय होते, हे घाटातल्या लोकांना सांगावे लागत नाही.

पाय भिजण्याचे सर्वात मोठे कारण मात्र फार साधे आहे. लोक रेनकोटची पँट बुटात खोचतात. दिसायला नीटनेटके दिसते, पण गुडघ्यावर पडलेले सगळे पाणी नरसाळ्यातून ओतल्यासारखे बुटात उतरते. पँट नेहमी बुटाच्या बाहेरून, घोट्याखालपर्यंत हवी आणि वाऱ्याने वर चढू नये म्हणून रबराने किंवा पट्टीने बांधलेली हवी. मी स्वतः हे शिकायला दोन पावसाळे घालवले. त्या दोन पावसाळ्यांत महागडे बूटही घेतले आणि त्यांनाच दोष दिला.

मग गमबूट घालावेत का? आंबोली, गेळे, चौकुळच्या शेतात, गुरांमागे, बाजारात गमबूट दिसतातच, आणि चालणाऱ्यासाठी ते उत्तम आहेत. गाडीवर मात्र त्यांची अडचण होते. सैल गमबुटाचा जाड पुढा गिअरच्या दांडीखाली अडकतो, ब्रेकचा अंदाज येत नाही. शिवाय रबर बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही तसा आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. दोन तासांनी पाय पावसाने नाही, तर घामाने भिजलेला निघतो. घालायचेच तर घोट्याला घट्ट बसणारे घ्यावेत आणि आत सुती मोजे घालू नयेत. सूत पाणी धरून ठेवते आणि कातडीला चिकटते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही हाताला फारशी ओली लागत नाही, भिजली तरी थोडी ऊब राखते. आपल्याकडे धनगराने घोंगडी पावसात अंगावर घेतली ती याच गुणासाठी. कोकणात लोकरीचे मोजे विचारले तर दुकानदार आश्चर्याने बघतो, तरी विचारावेत. फक्त एकावर एक दोन जाड मोजे चढवून बूट आवळू नये. रक्त वाहायला जागा उरली नाही तर लोकरही काही करू शकत नाही.

हीच लढाई बर्फात कशी लढतात ते पाहण्यासारखे आहे. बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलला लोकप्रिय केले ते कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या जोसेफ आर्मां बोंबार्दिए यांनी. त्यांची हलकी ‘स्की-डू’ १९५९ साली बाजारात आली. तिच्या स्वाराच्या बुटांना बाहेरून रबर आणि आत नमद्याचे वेगळे अस्तर असते. खुबी त्या अस्तरात आहे. ते रोज रात्री बाहेर काढून वाळवता येते, कारण दिवसभराचा घाम त्यातच साठतो. घाम वाळला नाही तर दुसऱ्या दिवशी तोच गोठतो. सियाचीनवर १९८४पासून उभ्या असलेल्या आपल्या जवानांनाही मोजे बदलणे आणि पाय तपासणे ही कामे पहाऱ्याइतकीच महत्त्वाची असतात. हे इथे सांगण्याचे कारण म्हणजे चौकुळ आणि आंबोली ही सैनिकांची गावे आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेले बेळगाव याच रस्त्याने पुढे लागते. रजेवर आलेला जवान दारातच बूट काढून उलटे ठेवतो आणि आधी बोटांच्या बेचक्या पुसतो, ती सवय त्याला पलटणीने लावलेली असते.

पहिल्या महायुद्धात खंदकांच्या चिखलात हजारो सैनिकांचे पाय न गोठताच सडले. उपाय म्हणून रोज कोरडे मोजे दिले गेले आणि जोडीजोडीने एकमेकांचे पाय तपासण्याचा नियम झाला. पुढे व्हिएतनामच्या भातखाचरांत अमेरिकन सैनिकांना कोमट पाण्यातही असाच त्रास झाला. म्हणजे पायाला फक्त थंडी मारत नाही, सततची ओलही मारते. लावणीच्या दिवसांत आमच्या बायामाणसांच्या बोटांत होणाऱ्या चिखल्या याच ओलीच्या. कातडी पांढरी, भुसभुशीत होते, फाटते, बुरशी शिरते. भेगांना भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, लावायची रीत चांगली आहे, पण ते कोरड्या पायाला. भेग किंवा जखम असताना साचलेल्या पाण्यात पाय घालणे सिंधुदुर्गात विशेष धोक्याचे, कारण उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा लेप्टोचा जंतू तिथूनच शिरतो. पावसाळ्यात अचानक ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर अंगावर काढू नये, लगेच दवाखाना गाठावा. मधुमेहींच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यांनी तर रोज डोळ्यांनी पाय तपासावेत आणि शेकोटीजवळ कधीच नेऊ नयेत.

माझी आजी पावसातून आलेल्या प्रत्येकाला उंबऱ्यावरच अडवायची. “आदी पाय पूस, मगे च्या पी.” क्रम तिने बरोबर लावला होता. भिजलेले बूट चुलीशी टेकवले की चामडे तडकते आणि तळव्याचा डिंक सुटतो. आतला तळवा बाहेर काढावा, बुटात जुने वर्तमानपत्र चुरगाळून भरावे, दोन तासांनी बदलावे आणि बूट पंख्याखाली ठेवावेत. पावसाळ्यात एकच जोड रोज वापरणे म्हणजे रोज ओला बूट घालणे. दोन स्वस्त जोड एका महाग जोडापेक्षा बरे, हे माझे ठाम मत आहे.

आंबोलीच्या पावसात दुचाकीवरून पाय पूर्ण कोरडे ठेवणारा बूट मला अजून मिळालेला नाही. इतके करूनही पाय भिजतीलच. म्हणून पुढच्या जुलैत येणार असाल तर टॉवेलचा एक तुकडा आणि मोज्यांचा एक कोरडा जोड, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, सीटखाली ठेवा. आंबोलीत पोहोचल्यावर धबधब्याकडे वळण्याआधी कुठल्याही टपरीच्या बाकावर बसा, बूट काढा, बोटांच्या बेचक्या पुसा. मोजे मात्र परतीच्या वाटेला लागताना बदला.