साठीनंतरही घडणारा माणूस

येत्या १ ऑक्टोबरला येणारा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन दरवर्षीप्रमाणे सत्कार, आरोग्य शिबिरे आणि सवलतींच्या घोषणांनी साजरा होईल. मात्र त्या वयात माणसाच्या स्वभावाचे काय होत असते, हा प्रश्न अशा कार्यक्रमांत क्वचितच विचारला जातो. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात साठी ओलांडलेले १४.९ कोटी लोक होते आणि २०५० पर्यंत त्यांची संख्या ३४.७ कोटींवर, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक, होण्याचा अंदाज आहे. इतक्या मोठ्या समूहाला ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीच्या चष्म्यातून पाहत राहणे हे केवळ असभ्य नव्हे, तर मानसशास्त्रीयदृष्ट्याही चुकीचे आहे.

व्यक्तिमत्त्व बालपणीच घडून पूर्ण होते, ही समजूत आपल्या ‘संस्कारक्षम वया’च्या कल्पनेत जशी आहे, तशीच ती पाश्चात्त्य मानसशास्त्रातही दीर्घकाळ होती. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच, बहुतेकांचा स्वभाव तिशीपर्यंत घट्ट होऊन जातो, असे म्हटले होते. फ्रॉइड यांच्या विकासक्रमातील शेवटची अवस्था तर पौगंडावस्थेपाशीच सुरू होत असल्याने त्यापुढची पन्नास-साठ वर्षे सिद्धान्ताच्या दृष्टीने जवळजवळ रिकामीच राहिली होती.

ही रिकामी जागा भरण्याचे श्रेय प्रामुख्याने एरिक एरिक्सन यांना जाते. १९०२ मध्ये फ्रँकफुर्ट येथे जन्मलेल्या आणि आपला जन्मदाता कोण हे कधीही न कळलेल्या या अभ्यासकाने व्हिएन्नात ॲना फ्रॉइड यांच्याकडे मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतले, १९३३ मध्ये अमेरिका गाठली आणि १९५० च्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या आठ अवस्था मांडल्या. प्रत्येक अवस्थेत व्यक्तीची वाढ आणि समाजाची अपेक्षा यांच्या संघर्षातून एक पेच उभा राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. तान्ह्या वयात तो विश्वास आणि अविश्वास यांच्यातील असतो, किशोरवयात स्वतःची ओळख आणि भूमिकांचा गोंधळ यांच्यातील. मध्यम वयात जननशीलता, म्हणजे पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याची आस, आणि साचलेपण समोरासमोर येतात, तर वार्धक्यात एकात्मता, म्हणजे आपले आयुष्य जसे झाले तसे आपले म्हणून स्वीकारण्याची क्षमता, आणि नैराश्य यांचा सामना होतो.

या मांडणीचा भारताशी आलेला संबंध केवळ योगायोगाचा नाही. १९६२ मध्ये एका चर्चासत्रासाठी अहमदाबादला आलेले एरिक्सन तेथील १९१८ च्या गिरणी कामगारांच्या संपाकडे ओढले गेले आणि त्यातून १९६९ मध्ये ‘गांधीज ट्रुथ’ हा पुलित्झर पुरस्कारप्राप्त ग्रंथ सिद्ध झाला. संपाच्या वेळी गांधीजी ४८ वर्षांचे होते, आणि कामगारांची बाजू घेणाऱ्या अनसूया साराभाई व गिरणीमालकांच्या बाजूचे त्यांचे बंधू अंबालाल या दोघांशीही जिव्हाळा राखून त्यांनी तीन दिवसांचे उपोषण केले. ज्या वयात माणसाकडून नवे काही अपेक्षिले जात नाही, त्या वयात गांधीजींनी लढ्याचे नवे साधन घडवले, आणि एरिक्सन यांच्या लेखी मध्यमवयीन जननशीलतेचे याहून ठळक उदाहरण शोधणे कठीण होते.

हाच धागा पुढे नेणारे सुधीर कक्कर हार्वर्डमध्ये एरिक्सन यांचे साहाय्यक होते. पुढे गोव्यात स्थायिक झालेल्या या मनोविश्लेषकाचे २०२४ मध्ये निधन झाले. १९६८ च्या एका निबंधात त्यांनी आश्रमव्यवस्था आणि एरिक्सन यांच्या अवस्था शेजारी ठेवून दाखवले, की वानप्रस्थातील पुढच्या पिढीची काळजी आणि संन्यासातील अलिप्त शहाणपण यांना एरिक्सन यांच्या शेवटच्या दोन अवस्थांत स्पष्ट समांतर सापडते. शास्त्रग्रंथांतील ही व्यवस्था मुख्यतः द्विज पुरुषांसाठी आखलेली होती आणि स्त्रिया व बहुसंख्य समाज तिच्या बाहेर राहिला, हे विसरता येणार नाही. तरीही उतारवयाला स्वतःचे असे काम असते, हा विचार या भूमीला परका नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

एरिक्सन १९९४ मध्ये निवर्तल्यानंतर त्यांच्या पत्नी आणि सहकारी जोन एरिक्सन यांनी स्वतः नव्वदी ओलांडली असताना नववी अवस्था मांडली, आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली ती भर मूळ मांडणीपेक्षाही अधिक लक्ष देण्याजोगी आहे. शरीर साथ देईनासे झाले, की आधीचे सगळे पेच उलट्या बाजूने परत येतात: आपल्याच पायांवरचा विश्वास डळमळतो, स्वावलंबनाची जागा परावलंबनाची लाज घेते आणि समाजातील स्थान हरवल्याने ओळखही धूसर होते. घरातील वृद्धाचा हट्ट किंवा संशय ज्यांना केवळ ‘स्वभाव’ वाटतो, त्यांनी त्यामागे चाललेली ही झुंज ओळखली पाहिजे.

एरिक्सन यांच्या अवस्था प्रयोगाने तपासणे अवघड असते, आणि त्यांच्या क्रमाला पुरुषाचे आयुष्य प्रमाण धरलेले आहे, हा कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये घेतलेला आक्षेपही रास्त आहे. पण मूळ मुद्द्याला मोजमापांचा आधार मिळाला आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, त्याच व्यक्तींचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या ९२ नमुन्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य विशेषतः २० ते ४० या वयात वाढताना दिसले, तपासलेल्या सहा गुणसमूहांपैकी चारांत मध्यम वयात आणि वार्धक्यातही लक्षणीय बदल आढळला, आणि इतरांशी जुळवून घेण्याचा सौहार्दाचा गुण तर वार्धक्यातच लक्षणीयरीत्या बदलला.

यातून धोरणासाठी आणि घरासाठीही निष्कर्ष निघतात. रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले, की वृद्धांचे गतकाळात रमणे हे बुद्धी ढळल्याचे लक्षण नसून आयुष्याची जुळवाजुळव करण्याचे अर्थपूर्ण काम आहे. तेव्हा आजोबांची तीच गोष्ट पुन्हा ऐकणे हा त्यांच्यावर केलेला उपकार नव्हे, त्या कामातला सहभाग आहे. जननशीलतेला जबाबदारी लागते आणि ती विरंगुळा केंद्रातील पत्त्यांच्या डावांतून मिळत नाही. शाळा, वाचनालये, ग्रामसभा आणि वॉर्ड समित्यांत ज्येष्ठांना शोभेचे पाहुणे म्हणून न बोलावता कामाचा वाटा सोपवला गेला पाहिजे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांनाही निदान स्वतःच्या दिवसाचे निर्णय घेऊ दिले पाहिजेत. ज्याची घडण अजून चालू आहे, त्याला फक्त सांभाळणे पुरेसे नाही. घडण्यासाठी त्याला वाव मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि ज्येष्ठांसाठीच्या प्रत्येक योजनेची पारख याच कसोटीवर व्हायला हवी.