किल्ली ठेवायची कुणाकडे?

पेठेतला वाडा सोडून आम्ही गावाबाहेरच्या कॉलनीत आलो, तेव्हा सर्वांत जास्त आनंद मलाच झाला होता. स्वतंत्र न्हाणीघर, ओट्याशी नळ, गॅलरीत वारा! पण महिन्याभरातच एक दिवस शाळेतून यायला मला उशीर झाला आणि धाकटी दोन तास बंद दाराशी दप्तर घेऊन बसली. शेजारच्या दोघीही नोकरीवर. वाड्यात किल्ली खालच्या वाण्याकडे असायची. इथे साऱ्या कॉलनीत एकही दुकान नाही. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

पुढे कळलं, हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली शहरांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. ती स्वतः तीन मुलांची आई, न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहणारी. तिच्याकडेही लोक घराच्या किल्ल्या दुकानदाराकडे ठेवून जात! तिचं म्हणणं असं की, रस्ता सुरक्षित राहतो तो नुसत्या पोलिसांमुळे नव्हे, तर दुकानदारांच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेमुळे. ही नजर दिवसभर हवी असेल तर घरं, दुकानं, कचेऱ्या एकमेकांत मिसळलेल्या हव्यात. गल्ल्याही आखूड हव्यात, म्हणजे जायला-यायला वाटा पुष्कळ होतात.

कारखान्यांच्या धुरापासून घरं दूर ठेवली, हे योग्यच झालं. पण शिंपी, वाणी, दवाखाना यांचा कसला आलाय धूर? तेही लांब गेले की कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढावी लागते. आणि जिला ती चालवता येत नाही, ती घरात अडकते. म्हातारी माणसं नि मुलं तर अडकतातच.

मग करायचं काय? महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत कुणालाही हरकती-सूचना लेखी देता येतात. आपण बायका ती जाहिरात वाचतच नाही! महिला मंडळातर्फे अर्ज करा. तळमजल्यावर लहान दुकानं, दवाखाना, पाळणाघर मागा. दोन कॉलन्यांमधल्या भिंतीतून पायवाट मागा.

आमच्या कोपऱ्यावर आता एक किराणा दुकान निघालंय. पहिल्या दिवशी मी पावशेर चहा घेतला आणि हळूच विचारलं, "भाऊ, किल्ली ठेवाल का हो?"