बागेतली छोटी रेल्वे : काय लहान होतं आणि काय होत नाही?



पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी आपल्याला माहीत आहे. महानगरपालिकेची ही गाडी १९५६ साली सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत 'लॉस एंजेलिस लाइव्ह स्टीमर्स' हा हौशी मंडळींचा क्लब स्थापन झाला. ग्रिफिथ पार्क या सार्वजनिक बागेत हा क्लब छोटी रेल्वे चालवतो. रूळ टाकण्यापासून गाडी हाकण्यापर्यंत सगळी कामं सभासदच हौसेनं करतात. वॉल्ट डिस्ने हे सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. त्यांच्या घरच्या छोट्या रेल्वेची लाकडी कार्यशाळा आज याच बागेत जपली आहे.

किती छोटी?

तिथल्या दोन रुळांमधलं अंतर साडेसात इंच, म्हणजे सुमारे १९ सेंमी. अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वेचं १४३.५ सेंमी. म्हणजे ही गाडी साधारण आठपट लहान.

आता मुलांना विचारा : खरं इंजिन १०० टनांचं असेल, तर आठपट लहान इंजिनाचं वजन किती? बरीच मुलं पटकन 'साडेबारा टन' म्हणतील. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही आठपट कमी झाल्या. ८ × ८ × ८ = ५१२. म्हणून वजन सुमारे १९५ किलो!

मग ते माणसं ओढतं कसं?

पोलादी चाकाची पोलादी रुळावरची पकड ढोबळमानाने वजनाच्या पाव भाग असते. सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर आहे असं धरलं, तर इंजिन सुमारे ५० किलो वजनाइतका जोर लावू शकेल. सपाट रुळावर इंजिनासह एक टनाची गाडी चालवायला सुमारे १० किलोचा जोर पुरतो. पन्नास मीटरला एक मीटर असा चढ आला, तर आणखी २० किलो. एकूण ३०. म्हणजे जमलं की!

जे लहान होत नाही

पहिली गोष्ट, वाफ. बॉयलर लहान असला तरी वाफ तितकीच भाजते. म्हणून असे क्लब बॉयलरची चाचणी घेतात. त्यात थंड पाणी काठोकाठ भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन बघतात. पाणीच का? दाबलेल्या वाफेत खूप ऊर्जा साठते, बॉयलर फुटला तर स्फोट होतो. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे तडा असेल तर नुसती गळती होते.

दुसरी गोष्ट, प्रवासी. गाडी आठपट लहान, पण आपला बंड्या आहे तेवढाच! रुळांची रुंदी १९ सेंमी आणि वर बसलेल्या मुलाचं वजन बरंच उंचावर. तो बाजूला झुकला की गुरुत्वमध्य रुळांच्या बाहेर जातो आणि डबा कलंडू शकतो. म्हणूनच 'वाकू नका, पाय बाहेर काढू नका' असं बजावतात. फोटोसाठी मुलाला मागे वळायला सांगण्याआधी हे आठवा.

वर्गात करून बघा

सारख्या आकाराचे आठ ठोकळे घ्या आणि दुप्पट बाजूचा मोठा ठोकळा रचा. बाजू दुप्पट, पण ठोकळे आठ! मग विचारा : बाजू तिप्पट केली तर किती लागतील? उत्तर सांगू नका, मुलांना रचू द्या.