चिलटाचे आयुष्य आणि संततीची किंमत

जास्त पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारे चिलट सर्वांच्या ओळखीचे आहे. इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर करून मराठीत त्याला ‘फळमाशी’ म्हटले जाते. पण कोकण-गोव्यातले आंबा बागायतदार ज्या कीटकाला फळमाशी म्हणतात, तो वेगळा. आकाराने मोठा आणि झाडावरच्या फळात अंडी घालून ते नासवणारा. प्रयोगशाळेतली ‘ड्रॉसोफिला’ जेमतेम तीन मिलिमीटरची असते आणि आंबू लागलेल्या फळांवरच्या यीस्टवर जगते. म्हणून या लेखात मी ‘चिलट’ हाच शब्द वापरते.

थॉमस हंट मॉर्गन यांनी कोलंबिया विद्यापीठात १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा नर शोधला, तेव्हापासून हा कीटक आनुवंशिकतेच्या अभ्यासाचा आधार झाला. २५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढ चिलट तयार व्हायला सुमारे दहा दिवस लागतात आणि ते दोन-तीन महिने जगते. त्यामुळे जन्म, प्रजनन, वार्धक्य आणि मृत्यू हे सारे एका शैक्षणिक सत्रात पाहता येते.

संतती निर्माण केल्याने आयुष्य घटते का? जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९५८ साली चिलटाच्या एका भाऊबंद जातीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही दिवस जास्त तापमानात ठेवलेल्या माद्यांनी पुढे अंडी कमी घातली आणि त्या जास्त जगल्या. जन्मतः अंडाशयच नसलेल्या माद्याही इतर माद्यांपेक्षा दीर्घायुषी ठरल्या. ही किंमत केवळ माद्याच मोजतात असे नाही. लिंडा पार्ट्रिज आणि मॅरियन फार्कर यांनी १९८१ साली नरांचे गट केले. काहींना रोज नव्या, समागम न झालेल्या माद्या दिल्या. काहींना नुकताच समागम झालेल्या, म्हणजे नराला जवळ येऊ न देणाऱ्या. पहिल्या गटातले नर लवकर मेले.

असे का व्हावे? पीटर मेडावर यांनी १९५१ च्या व्याख्यानात दिलेले उत्तर असे. कधीही म्हातारे न होणारे प्राणी आहेत अशी कल्पना करा. तरी शिकारी, रोग आणि उपासमार यांमुळे दरवर्षी काही मरतीलच. म्हणजे जास्त वयापर्यंत पोचणारे थोडेच राहतील. उतारवयात अपाय करणारे जनुक नैसर्गिक निवडीच्या चाळणीतून सहज निसटते, कारण त्याचा त्रास होण्याआधीच ते पुढच्या पिढीत गेलेले असते. जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये आणखी एक पाऊल टाकले: एखादे जनुक तारुण्यात प्रजननाला मदत करत असेल, तर म्हातारपणी घातक ठरूनही ते टिकेल, नव्हे, पसरेल.

मायकेल रोझ यांनी हे प्रत्यक्ष तपासले. त्यांनी अनेक पिढ्या केवळ वयस्क माद्यांची अंडी पुढे वाढवली. दीर्घकाळ सशक्त राहणाऱ्यांचाच वंश अशा रीतीने पुढे चालला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या वंशातली चिलटे जास्त जगू लागली. मात्र तरुणपणी त्यांच्या माद्या कमी अंडी घालत.

इथपर्यंतची हकिकत जमाखर्चाच्या भाषेत सांगण्याचा मोह होतो. शरीराकडे अन्नाची आणि ऊर्जेची ठरावीक पुंजी आहे. ती संततीवर खर्चली की देहाच्या डागडुजीला उरत नाही. टॉम कर्कवुड यांच्या १९७७ च्या सिद्धांतात हाच विचार आहे आणि तो उपयोगी आहे. परंतु चिलटांच्या पुढच्या अभ्यासाने या रूपकाची मर्यादाही दाखवली. ट्रेसी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की वारंवार समागमाने मादीचे आयुष्य घटते, त्यामागे नराच्या वीर्यद्रवातले काही घटक असतात. त्यांतले एक प्रथिन मादीला जास्त अंडी घालायला प्रवृत्त करते आणि दुसऱ्या नरापासून काही काळ परावृत्त करते. हा नुसता खर्च नव्हे. दोघांच्या हितसंबंधांतला झगडाही आहे.

२००९ चा एक प्रयोग तर जमाखर्चाची वही मिटवायला लावतो. अन्न कमी दिले की चिलटे जास्त जगतात आणि अंडी कमी घालतात. अशा अर्धपोटी माद्यांच्या अन्नात मेथिओनीन हे एकच अमिनो आम्ल वाढवले, तेव्हा अंड्यांची संख्या भरपेट माद्यांइतकी झाली, पण आयुष्य घटले नाही. म्हणजे संतती आणि आयुष्य ही एकाच तराजूची दोन पारडी नेहमीच नसतात. आहारातला समतोल बदलला की हिशेब बदलतो.

मी साहित्य शिकवते, त्यामुळे माझे लक्ष शब्दांकडे जाते. हा विषय मराठीत लिहिताना ‘आई चंदनासारखी झिजली’ ही ओळखीची प्रतिमा चटकन हाताशी येते. पण झिजणाऱ्या चिलटाने त्याग केलेला नसतो आणि त्याच्या निसर्गाचा काही हेतूही नसतो. त्याग म्हटले की नर-मादीतला झगडा दिसेनासा होतो. पुंजी म्हटले की मेथिओनीनचा निकाल अशक्य वाटू लागतो. शिवाय त्या प्रतिमेमुळे चिलटावरून थेट माणसावर उडी मारली जाते. मूल न झालेली स्त्री जास्त जगेल, असे या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. विज्ञान समजावताना रूपक अवश्य घ्यावे. मात्र प्रयोग जिथे त्याची साथ सोडतो, ती जागा विद्यार्थ्यांना नेमकी दाखवावी.