गाडीचा ब्रेक ओरडतो तेव्हा

शेतमाल बाजारात नेण्यासाठी स्वतःची पिकअप, जीप किंवा मोटार असलेले शेतकरी आता गावोगाव दिसतात. इंजिनाचे ऑइल, डिझेलचा फिल्टर, टायरमधील हवा यांकडे बरेच जण लक्ष देतात. ब्रेकच्या बाबतीत मात्र ‘लागतो ना, मग झाले’ अशी समजूत आढळते. ब्रेक दाबताच चाकातून कर्कश आवाज येऊ लागला की कोणी तो सवयीचा म्हणून सोडून देतो, कोणी गॅरेजमध्ये जाऊन चारही चाकांचे सामान बदलून येतो, तर कोणी चाकात जळक्या ऑइलची धार सोडतो. यांतील पहिला मार्ग धोक्याचा, दुसरा बहुधा विनाकारण खर्चाचा आणि तिसरा जीवघेणा आहे.

पिकाची पाने पिवळी पडली म्हणून जाणता शेतकरी लगेच युरिया टाकत नाही. खालची जुनी पाने आधी पिवळी झाली तर नत्र कमी पडले, कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडले, आणि वाफ्यात पाणीच साचले असेल तर आधी निचरा, मग खत, असा विचार तो करतो. ब्रेकच्या आवाजाचेही असेच आहे. आवाज केव्हा येतो, कोणत्या चाकातून येतो, ब्रेक दाबल्यावर वाढतो की थांबतो, एवढे लक्षपूर्वक पाहिले तरी अर्धे निदान घरीच होते.

आवाज कसा निर्माण होतो?

बहुतेक पिकअप व मोटारींना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पुढच्या चाकाबरोबर बिडाची तबकडी, म्हणजे डिस्क फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. पायाने पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो व पॅड डिस्कला दोन्हीकडून आवळतात. मागच्या ड्रममध्ये लायनर लावलेले दोन शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि ड्रमला आतून घासतात.

हे घासणे अगदी सलग नसते. पॅड क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडू लागले की डिस्क, पॅड व कॅलिपर थरथरतात आणि त्या थरथरीचा कर्कश आवाज होतो. फळ्यावर खडू किंचाळतो तो याच कारणाने. म्हणून पॅड सैल बसला, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला किंवा मध्ये धूळ अडकली, तर पॅड संपलेला नसतानाही आवाज येऊ शकतो.

आवाज केव्हा येतो ते पाहावे

सकाळी गाडी काढल्यावर पहिले दोन-चार ब्रेक ओरडतात व नंतर शांत होतात, अशी तक्रार पावसाळ्यात, दव पडते त्या दिवसांत आणि कोकणातील खाऱ्या हवेत फार असते. रात्रीतून डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो पॅड खरवडून काढतात. त्यासाठी काहीही करावे लागत नाही. खताची वाहतूक करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोटॅशसारखी क्षारयुक्त खते सांडून चाकांकडे गेली तर गंज वेगाने चढतो. खते वाहून झाल्यावर गाडीचा हौदा व चाके साध्या पाण्याने धुवावीत आणि नंतर गाडी थोडी चालवून, हलके ब्रेक लावून ते कोरडे करावेत.

ब्रेक न दाबताही चाक फिरेल तसा सतत आवाज येत असेल तर पाणंद रस्त्यावरचा एखादा खडा डिस्क व तिच्यामागच्या पत्र्यात अडकलेला असू शकतो. गाडी सावकाश पुढे-मागे घेतल्यास तो पुष्कळदा पडून जातो.

गाडी चालताना बारीक, सतत चिरचिर येते व ब्रेक दाबल्यावर ती बदलते किंवा थांबते, असे असेल तर दुर्लक्ष करू नये. बऱ्याच पॅडना पोलादाची छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजून २ ते ३ मि.मी. उरला की ती डिस्कला टेकते. म्हणजे ही बनवणाऱ्यानेच ठेवलेली सूचना आहे. काही गाड्यांत ती ब्रेक दाबल्यावरच ऐकू येते आणि अनेक स्वस्त पॅडना अशी पट्टी नसतेच. म्हणून पट्टीचा आवाज नाही, सबब पॅड शाबूत आहे, असे समजू नये.

खरखर, घरघर असा जड आवाज आणि पायाला जाणवणारा खडबडीतपणा ही शेवटची पायरी होय. घासणारा भाग संपून लोखंडावर लोखंड घासत आहे. आता पॅडबरोबर डिस्कही खराब होते आणि ब्रेकची पकड कमी होते. अशा गाडीत माल भरू नये. ती शक्यतो टोचन करून गॅरेजपर्यंत न्यावी.

चाक उघडून तपासणी

ही तपासणी कोणीही काळजीपूर्वक करू शकतो. गाडी सपाट, टणक जागी उभी करून गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा व मागच्या चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट आधी थोडे सैल करून मगच जॅक चढवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चासीखाली स्टँड किंवा लाकडाचा भक्कम ओंडका द्यावा. नांगरलेल्या रानात तर हे काम करूच नये, जॅक रुततो.

नव्या पॅडच्या घासणाऱ्या भागाची जाडी साधारण १० मि.मी.च्या आसपास असते. ती ३ मि.मी.पर्यंत आली असेल तर पॅड बदलावेत. विजेरी घेऊन दोन्ही पॅड पाहावेत, कारण बाहेरचा जाड दिसत असताना आतला संपलेला असतो. असा फरक दिसला तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गाइड पिना चिखल व वाळलेल्या ग्रीसने जाम झाल्या आहेत असे समजावे. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते, किंवा फेरीहून आल्यावर एक चाक दुसऱ्यापेक्षा फार गरम असते, ही त्याचीच लक्षणे आहेत. हात चाकाजवळ न्यावा, डिस्कला लावू नये, भाजते.

पिना काढून, पुसून त्यांना ब्रेकसाठी मिळणारे, उष्णता सहन करणारे ग्रीस लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस तेथील रबर फुगवते. हेच ब्रेकचे ग्रीस पॅडच्या पाठीमागच्या पत्र्याला व त्याच्या कानांना अगदी पातळ लावावे. पाठीमागची पातळ पत्री व कानांच्या स्प्रिंगपट्ट्या जागेवर आहेत का, हेही पाहावे. पॅड बदलताना या पट्ट्या जुन्याबरोबर फेकल्या जातात आणि नवे पॅड पहिल्या दिवसापासून ओरडू लागतात. शेतकरी पॅडला दोष देतो, दोष असतो बसवण्याचा.

कॅलिपर सोडल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. डिस्कवर नख अडकेल अशा खोल रेघा असतील किंवा ती पातळ झाली असेल तर ती बदलावी. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी ऑइलच्या डबीकडे पाहावे. ती भरलेली असल्यास ऑइल वर येऊन सांडते व रंग खाते. काम संपल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत वारंवार दाबावे आणि मगच गाडी हलवावी. हे विसरल्यास पहिला ब्रेक लागतच नाही.

मागच्या ड्रममध्ये काळ्या मातीचा चिखल शिरून वाळतो. ड्रम काढून तो स्वच्छ करावा. आतली पूड तोंडाने किंवा हवेने उडवू नये. काही लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते व त्याची पूड फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. लायनर ओला दिसला तर व्हील सिलिंडर किंवा ॲक्सलचे ऑइल सील गळत आहे. आधी गळती बंद करावी व दोन्ही बाजूंचे लायनर बदलावेत. ऑइल प्यालेला लायनर पुसून, भाजून पूर्ववत होत नाही.

यावरून चाकात ऑइल सोडण्याचा ‘उपाय’ काय करतो, ते लक्षात येईल. आवाज थांबतो, कारण पॅड धरायचाच थांबतो. घर्षण हेच ब्रेकचे काम आहे.

घाटातील उतार

जुन्नर भागातून भाजीपाला भरून माळशेजने कल्याणकडे किंवा कराडहून कुंभार्लीने चिपळूणला जाणाऱ्या गाड्यांचे पॅड वेगळ्याच कारणाने ओरडतात. भरलेली अडीच टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ४० लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते. इंजिनाने गाडी धरली नाही तर तिचा बहुतेक भार ब्रेकवर पडतो. पॅड तापून त्यांवर चकचकीत थर चढतो. असे पॅड ओरडतात आणि धरतही नीट नाहीत. थर अगदी वरवरचा असल्यास पॉलिश पेपरने घासून काढता येतो. करपल्याचा वास येत असेल किंवा तडे दिसत असतील तर पॅड टाकून द्यावेत.

उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नये. वेग वाढेल तेव्हा ठाम दाबून कमी करावा व पाय काढावा. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची युक्ती घाटात कदापि करू नये.

येथे ब्रेक ऑइलचाही संबंध येतो. ते हवेतील ओलावा शोषते. मानकाप्रमाणे डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. तापलेल्या चाकात ऑइलची वाफ झाली की पेडल थेट खाली जाते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेनुसार, साधारणतः दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे व डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच भरावे. त्यात इंजिनाचे ऑइल चुकूनही घालू नये, सर्व रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

नवे पॅड बसवल्यानंतर

नवा पॅड व डिस्क एकमेकांना बसेपर्यंत थोडा आवाज येतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा व दोन ब्रेकांमध्ये अर्धा-एक किलोमीटर गाडी चालू द्यावी. पहिले काही दिवस जड माल टाळावा. एवढे करूनही आवाज राहिला तर गॅरेजवाल्याला गाइड पिना, पाठीमागची पत्री आणि डिस्कचा डगमगाट तपासायला सांगावे.

ट्रॅक्टरविषयी थोडेसे

आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांना वरील उपाय लागू नाहीत. अशा ब्रेकचा घुरघुराट किंवा हिसके बहुधा जुन्या अथवा चुकीच्या ट्रान्समिशन ऑइलमुळे येतात. पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल भरावे आणि तरीही आवाज राहिल्यास कारागिराला दाखवावे. उसाच्या हंगामात मागे जोडलेल्या ट्रॉल्यांना पुष्कळदा स्वतःचे ब्रेक नसतात, सारा भार ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर येतो. शेतात वळण्यासाठी सुटे केलेले डावे-उजवे पेडल रस्त्यावर येण्यापूर्वी कडीने जोडून घ्यावेत. एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक थांबते आणि भरलेला ट्रॅक्टर आडवा होतो.